आरशाच्या दांडीवरची बाई

५ ऑगस्ट, मंगळवार

सौमित्रने पुण्याहून पाठवलेलं यंत्र आज हाती आलं. रस्ता दाखवणारं, तळहाताएवढं, मागे रबराची वाटी. त्याच्या नव्या मोटारीत असा पडदा आधीपासूनच आहे, म्हणून जुनं बापाकडे. फोनवर म्हणाला, "बाबा, आता आईला मागे बसवून न्यायची गरज नाही. हे स्कूटरला लावा आणि बिनधास्त फिरा." पोरगा लांब राहतो, पण आईच्या गुडघ्याची काळजी आहे त्याला.

मलाही त्याची गरज होतीच. रायपुरातला तात्यापारा आणि पुरानी बस्ती मी डोळे मिटून फिरेन. भोसल्यांच्या काळापासून आमचं घराणं इथे पूजा सांगत आलं आहे. पण यजमानांची पोरं आता कचना, अमलीडीह, सड्डू अशी पांगली आहेत, आणि तिथल्या कॉलन्या म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या करंज्या. गेल्या गणेश चतुर्थीला बायकोला, सुनीतीला, ताप होता, एकटाच निघालो, आणि एका घरी पोचेपर्यंत मुहूर्त टळला. दार उघडून मुलगा म्हणाला, "गुरुजी, हमने मोबाइल देखके बिठा दिया बप्पा को." त्या घरचं बोलावणं यंदा नाही. अशी आणखी दोनचार घरं गेली तर रायपुरात मराठी पूजा सांगायला मोबाइलच उरेल. यंदा नऊ घरची प्रतिष्ठापना आहे आणि नऊही घरी हा दत्तोपंत वेळेवर पोचणार, यात शंका नाही.

सुनीतीला म्हटलं, तुझी सुटका झाली. गेली काही वर्षं ती मागे बसते, मांडीवर पूजेची पिशवी, हातात फोन, आणि माझ्या कानाशी अखंड बडबड. ती म्हणाली, "माझा गुडघा गाडीवर नाही दुखत. घरी बसून दुखते." वैद्यकशास्त्राला हे पटणार नाही, पण बायकोशी शास्त्रार्थ कोण करणार?

७ ऑगस्ट, गुरुवार

रबराची वाटी स्पीडोमीटरच्या काचेवर चिकटवली. पाण्याचं बोट फिरवून दाबली, मारुतीला शेंदूर लावावा तितक्या भक्तीने. बूढ़ा तालाबापर्यंत टिकली. तिथल्या गतिरोधकावर यंत्र उडून पायाजवळच्या पिशवीत पडलं. पिशवीत तांदूळ होते म्हणून वाचलं. स्कूटरची थरथर आणि आपली धूळ, त्यात वाटी काय धरणार? ती मोटारीच्या काचेचीच.

यंत्रातली बाई हिंदीत बोलते. "दो सौ मीटर बाद बाएँ मुड़िए." सुनीती मागून ऐकत होती. म्हणाली, "आवाज गोड आहे तुमच्या बाईचा."

मी समजावून सांगितलं की असे आवाज फार पारखून घेतलेले असतात, म्हणजे चालवणारा वैतागत नाही.

"हव," ती म्हणाली. पुढे सड्डूपर्यंतचा रस्ता बाईनेच सांगितला, पिशवीतून.

१० ऑगस्ट, रविवार

पुरानी बस्तीच्या कोपऱ्यावर लोकेशचं गॅरेज आहे, त्याच्याकडे गेलो. स्कूटरच्या हँडलवर सगळं प्लॅस्टिकचं कवच, त्यामुळे पकड आवळायला मोकळा नळाच मिळत नाही, हे त्याने दाखवलं. मग उजव्या आरशाच्या दांडीवर लोखंडी पकड बसवली, खाली एकावर एक दोन नट. वरचा नट खालच्याला हलू देत नाही म्हणे. यंत्र पकडीत खटकन बसतं, खटकन निघतं, आणि स्पीडोमीटरही झाकला जात नाही.

"गुरुजी, भूकंप आला तरी हलत नाही आता," लोकेश म्हणाला आणि एक दहा नंबरचा पाना माझ्या हातात ठेवला. "असू द्या घरी. लागला तं लागला."

सुनीती ओट्यावर बसून दूर्वा निवडत होती. तिला दोन्ही नट नीट दाखवले, कोणता आधी, कोणता नंतर. तिने इतकं लक्ष देऊन ऐकलं की मलाच नवल वाटलं. माझी रुद्राची एकादष्णीसुद्धा ती कधी इतक्या मनापासून ऐकत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज शंकरनगरला सत्यनारायण. यंत्राच्या भरवशावर पहिल्यांदाच एकटा गेलो. बाईने दारात नेऊन उभं केलं, "आपकी मंज़िल आ गई है." वेळेआधी पोचलो तर घरचे अजून अंघोळीत. शास्त्र आणि यंत्र एकत्र आलं की असं होतं.

परत आलो तर सुनीती दारात उभी. चपला काढायच्या आत प्रश्न सुरू. तिथल्या इंदूताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? सुनेची नोकरी पक्की झाली का? शिरा कोणी केला होता? मला काय माहीत? मी पूजा सांगायला गेलो होतो, जनगणना करायला नाही. हे ऐकून ती आत गेली आणि तिने रेडिओ लावला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पाहतो तर नट सैल. पोथी ऐकताना डुलकी लागलेल्या यजमानासारखी पकडीने मान टाकली होती. आता अशी गाडी न्यायची कशी? सुनीती म्हणाली, "चला, मी येते. तयारच आहे." खरंच तयार होती, वेणीसुद्धा घातलेली. अशा वेळी पटकन तयार होणारी बायको मिळणं हे भाग्य.

संध्याकाळी लोकेशने पुन्हा कसून दिलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल सैल. आज सैल. पानाही सापडत नाही. लोकेश गाडीभोवती फिरला, वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, चालती गाडी असती तं समजलो असतो. उभ्या गाडीवर नट काहून ढिला होऊन राहिला? घरी कोणी हात तं नाही लावत?"

"घरी आम्ही दोघंच," मी म्हटलं. "आणि सुनीतीला नट कोणता आणि बोल्ट कोणता हे कळत नाही."

लोकेश हसला. हल्लीच्या लोकांना कशाचंही हसू येतं. मी त्याला सांगितलं, कारण उघड आहे, रायपूरचे रस्ते. खड्ड्यांनी दिवसभर नट खिळखिळा होतो आणि रात्री निवांतपणे सुटतो. त्याने मान हलवून नट पुन्हा कसला.

सुनीतीच्या पदराला काळा डाग पडला आहे. चांगलं लुगडं. कढईचा आहे म्हणाली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मंगळवारपासून तीच येते आहे बरोबर, त्यामुळे कामं काही अडली नाहीत. अमलीडीहला ती नेहमीप्रमाणे सरळ स्वयंपाकघरात गेली, मी पूजा मांडली. परतीच्या वाटेवर त्या घरची सगळी कहाणी माझ्या हेल्मेटला. मी हं हं म्हणतो. हेल्मेटमधून अर्धंच ऐकू येतं, आणि जे येतं त्याचा धर्मशास्त्राशी संबंध नसतो. स्वारी मात्र खुशीत होती. घरी येऊन झुणका केला आणि गुडघ्याचं नावही काढलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज वाचलो. आधी हे लिहितो आणि मग बाकीचं.

शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीत एका यजमानाच्या नव्या गोदामाची पूजा होती, अगदी पहाटेची. काल संध्याकाळी लोकेशकडून नट कसून आणले होते. सुनीतीला रविवारी तरी झोपू द्यावं म्हणून न सांगताच निघालो. निघताना पकड हाताने हलवून पाहिली, अंधारात घट्टच वाटली.

उरल्याचा रस्ता म्हणजे नुसते ट्रक आणि काळी धूळ. एका खड्ड्यात चाक गेलं आणि पकड यंत्रासकट सुटून रस्त्यावर. मी ब्रेक दाबला, उतरलो आणि उचलायला वाकलो. आता लिहिताना कळतं की हा मूर्खपणा होता, पण मुलाने पाठवलेली वस्तू, हात आपोआप गेला. मागून सळया भरलेला ट्रक. त्याचा हॉर्न आणि ब्रेकचा आवाज मी एकाच वेळी ऐकला. थांबला तेव्हा त्याचा बंपर माझ्या धोतराला लागत होता. ड्रायव्हर खाली उतरून मला शिव्या देणार होता, पण माझं गंध पाहून म्हणाला, "महाराज, घर में कोई नहीं है क्या?"

पूजा व्यवस्थित झाली. एकही मंत्र चुकला नाही. यंत्रही चालू आहे, फक्त खटक्याचा दात मोडला.

घरी येऊन सुनीतीला हे सगळं रंगवून सांगितलं, ड्रायव्हरची नक्कलही केली. तिला हसू आलं नाही. एकदम पांढरी पडली आणि भिंतीला टेकली. मला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. उपास आहे का विचारलं तर हो म्हणाली. नवमीचा कसला उपास, ते मला आठवेना, आणि मी भटजी.

१८ ऑगस्ट, सोमवार

लोकेशने खटक्याऐवजी पट्टी टाकून यंत्र सरळ नटांतच घेतलं. आता नट सोडल्याशिवाय यंत्र निघणार नाही. त्याने कसलं होतंच, पण संध्याकाळी मी सहज हाताने चाचपलं तर असं गच्च, की जणू जन्मापासून तिथेच होतं. लोकेशच्या मनगटात इतका जोर असेल असं वाटत नाही. नट एकदाचा आपल्या जागी बसला म्हणायचं.

सुनीतीच्या बोटाच्या पेराचं साल निघालं आहे. खोबरं खवताना लागलं म्हणाली. मी हळद लावायला सांगितली.

"आता एकटेच जात जा तुम्ही," ती म्हणाली. "सांगून जा फक्त."

मी म्हटलं, हेच तर मी पहिल्यापासून सांगतो आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नट पाच दिवसांत तसूभरही हलला नाही. सगळीकडे एकटा गेलो, सगळीकडे वेळेवर. आज पोळा. तिने ठेठरी-खुरमी तळली, पण स्वतः चाखलीही नाही. गुडघा फार दुखतो म्हणते. दुपारी खिडकीशी बसलेली असते. तेल लावून दिलं, फरक नाही. आता गाडीवरची दगदग नाही, काही नाही, तरी वाढतंच आहे. वयच म्हणायचं.

खरं सांगायचं तर मलाही सवय मोडायला वेळ लागतो आहे. काल सड्डूच्या वाटेवर मी उगाच "हं" म्हटलं. मागे कोणी नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

चतुर्थीची तयारी. नऊही पत्ते यंत्रात भरले. लोकेशने पाऊस आला तर म्हणून वर प्लॅस्टिकची टोपी घातली आणि पडलंच तर लोंबत राहावं म्हणून एक दोरी बांधली. दोरीला मी ब्रह्मगाठ मारली.

मी अंगणात नट हाताने पुन्हा पुन्हा कसून पाहत होतो तेव्हा सुनीती पायरीवर येऊन कचन्याच्या शिशिरबद्दल काहीतरी सांगत होती. त्याच्या आईचा, इरावतीबाईंचा फोन आला होता वगैरे. "ऐकून राहिले का?" म्हणाली. मी हं म्हटलं. ती आत गेली.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

सविस्तर लिहितो, नाहीतर मीच उद्या हे सगळं माझ्या बाजूने फिरवून घेईन.

पहाटे अंघोळ करून निघालो. पहिली तीन घरं अशी झाली की विचारू नका. बाई सांगते, मी वळतो. मुहूर्त हातात, घाम नाही, चौकशी नाही. प्रत्येक घरी एकच प्रश्न मात्र होता, काकू नाही आल्या? मी यंत्राकडे बोट दाखवत होतो.

चौथं घर कचन्याचं, शिशिरचं. पाट मांडला, कलश ठेवला, म्हटलं, बसा जोडीने. शिशिर एकटाच बसला. मी म्हटलं, सौभाग्यवतींना बोलवा, हाताला हात लावायचा आहे. कोणी हललं नाही. मग मी माझा नेहमीचा विनोद केला, जो प्रत्येक घरी चालतो: "बायको रुसली वाटतं. गणपती बसेपर्यंत तरी समजूत काढा."

इरावतीबाई हातातलं ताम्हन तसंच घेऊन आत गेल्या. शिशिर पाटाकडे बघत हिंदीत म्हणाला, "गुरुजी, पूर्णिमा तो सावन लगते ही चली गई. वकील का नोटिस भी आ गया है." मग म्हणाला, "आंटी को सब पता है. मुझे लगा आपको भी होगा."

मी म्हटलं, एक फोन करून येतो, आणि जिन्यात गेलो. पंचवीस वर्षं मी लोकांच्या घरी जातो, पण असं पायऱ्यांवर तोंड लपवून उभं राहावं लागलं नव्हतं.

सुनीतीने पहिल्याच घंटीला उचललं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"रविवारी सांगितलं. तुम्ही नट कसून राहिले होते."

तिनेच पुढे सांगितलं, हळू आवाजात, एकेक. "इरावतीताईंना शिशिरच्या शेजारी बसवा. पूर्णिमाच्या जागी सुपारी नका ठेवू. नियम मलाही माहीत आहे, पण आज नका ठेवू, त्या पोट्ट्याले ती सुपारी बघवणार नाही. दूर्वा ताईंच्या हातून वाहून घ्या. आणि नैवेद्याचं विचारू नका, मोदक बाहेरून आणले आहेत, त्यांना लाज वाटून राहिली आहे. आणि तो विनोद आता पुढच्या घरी करू नका."

तिने सांगितलं तसं केलं. इरावतीबाई शेजारी बसल्या, शिशिरने संकल्प सोडला, गणपती बसला. आरतीत त्या माउलीचा आवाज एकदा चिरकला आणि पुन्हा लागला. निघताना माझ्या हातावर प्रसाद ठेवत म्हणाल्या, "सुनीती नाही आली? मी वाट पाहत होती. तिच्याशीच बोलते मी."

खाली आलो. पुढचं घर सड्डूचं. बाई म्हणाली, उजवीकडे. मी डावीकडे वळलो, तात्यापाऱ्याच्या दिशेने. "जहाँ संभव हो, यू-टर्न लीजिए," ती सांगत राहिली. तिला काय माहीत, की तोच घेतला होता. वाटेत थांबून सड्डूला फोन केला, मनात गेल्या वर्षीचा मोबाइल होता. म्हटलं, थोडा उशीर होईल, काकूंना घेऊन येतो. तिकडची सून म्हणाली, "आंटी आ रही हैं? फिर तो आराम से आइए, हम रुकते हैं."

सुनीती खाली गल्लीत उभी होती. जरीकाठी साडी, वेणी, काखेत पिशवी. मी तिला फोन केलेला नव्हता. केव्हापासून उभी होतीस असं विचारलं तर म्हणाली, "आत्ताच उतरली." पायाशी दोन मांजरं येऊन बसली होती, त्यावरून आत्ताच नव्हे.

तेवढ्यात पाऊस भुरभुरू लागला. टोपी वाटेतच कुठेतरी उडून गेली होती, म्हणून यंत्र काढून पिशवीत टाकायला हवं होतं. मी नटाला हात घातला. हलेना. रुमाल गुंडाळून पाहिलं, हलेना. पाना तर केव्हाचा हरवलेला.

सुनीतीने पर्स उघडली. कुंकवाची डबी बाजूला केली, पेपरमिंटच्या गोळ्या बाजूला केल्या, आणि दहा नंबरचा पाना काढला. आधी वरचा नट, मग खालचा. दोन-दोन फेऱ्या, मग माझी ब्रह्मगाठ सोडली आणि यंत्र तिच्या हातात. लोकेशला इतक्या सफाईने जमत नाही. बोटाच्या पेरावर खपली धरली होती, ती मी पाहिली. मग पदराचा डाग आठवला, घातलेली वेणी आठवली, नवमीचा उपास आठवला.

ती माझ्याकडे न बघता यंत्र पुसत होती. म्हणाली, "त्या दिवशी मले सांगून गेले असते तं..." आणि तिने यंत्र पिशवीत टाकलं.

मला भर गल्लीत रडू येईल असं वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं मी हिला बरोबर नेतो. मी म्हटलं, "बस मागे. सड्डूला थांबले आहेत."

ती बसली. हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि वळणाच्या आधीच सुरू झाली, सड्डूच्या सुनेला सातवा महिना आहे, तिला उठबस करायला लावू नका. मी हेल्मेटची काच वर केली. पाऊस तोंडावर येत होता, पण ऐकू नीट येत होतं. एका वळणावर ती चुकली, दोन गल्ल्या जास्त फिरलो. नऊही घरचे गणपती बसले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सौमित्रचा फोन. "बाबा, यंत्र कसं चाललंय?" म्हटलं, यंत्र उत्तम आहे, अगदी तुझ्यासारखं, लांबून बरोबर सांगतं. त्याला काही कळलं नाही. ते पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं आहे.

रविवारी गौरी यायच्या, अमलीडीहला जायचं आहे. सुनीती दुपारपासून सांगते आहे की त्या घरी खड्याच्या गौरी असतात, मुखवट्याच्या नाही. दोनदा विचारून घेतलं.

रिकामी पकड अजून आरशाच्या दांडीवर आहे. पाना सुनीतीने मुकाट्याने खिडकीत आणून ठेवला होता. संध्याकाळी ती देवाला दिवा लावत होती तेव्हा मी अंगणात गेलो आणि दोन्ही नट सैल करून आलो. तिने विचारलं तर सांगेन, रायपूरचे रस्ते.